कांदा खाणारी आत्या

"म्हण बघू पुन्हा," मी म्हणाले.

निलव्वा माझ्या मागे पलंगावर बसून माझी वेणी घालत होती. तिनं फणी दातांत धरली होती आणि ती फणीसकटच बोलायला लागली, त्यामुळे मला एक अक्षर कळलं नाही.

"आधी फणी काढ तोंडातली."

"पोरगी नीट झोपती," ती म्हणाली. "पोटभर जेवती. आपली आपण अंघोळ करती. एकटी बोलत न्हाई. औषध न सांगता घेती. घरी जायाचं म्हणती."

"क्रम चुकला नाही. छान. आणि शेवटी?"

"शेवटी म्हणायचं, सायब, हिला सोडा."

"साहेब. तू बेदाण्याच्या व्यापाऱ्याची बहीण आहेस."

"व्यापाऱ्याची भन कशी बोलती?"

"नाकातून."

ती खुदकन हसली आणि वेणीचा पेड सुटला. मीही हसले. त्या सकाळी मी हसले होते हे मला अजून आठवतं आणि त्याचा अजून राग येतो.

त्या दिवशी मंडळ येणार होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मिरजेतल्या एका खाजगी मनोरुग्णालयात होते. अठरा वर्षांखालचं मूल अशा ठिकाणी जास्त दिवस ठेवलं, की ते ठेवणं योग्य आहे की नाही हे बघायला कायद्यानं नेमलेली माणसं येतात. एक निवृत्त न्यायाधीश, एक बाहेरचे डॉक्टर, एक समाजसेविका. त्यांनी 'सोडा' म्हटलं असतं तर मी फेब्रुवारीत बारावीला बसले असते. 'ठेवा' म्हटलं असतं तर ते वर्ष गेलं असतं, आणि पुढं किती दिवस गेले असते ते दादांना माहीत. वडिलांना आमच्याकडे दादा म्हणतात.

मी खरंच आजारी पडले होते. ते मी कधी लपवलेलं नाही. माझ्या भावाची, अभिनंदनची, सुपारी फुटली त्या आठवड्यात माझी झोप गेली. बोलणं थांबेना. डोक्यात इतके विचार, की एक संपायच्या आत दुसरा दारात उभा. नवे सोयरे जेवायला आले तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर चढून जगातल्या सगळ्या द्राक्षांना मुक्त करण्याबद्दल भाषण केलं. आज मला ते थोडं विनोदी वाटतं. तेव्हा आईनं मला गोठ्यामागच्या खोलीत कोंडलं आणि सोयऱ्यांना सांगितलं, पोरीच्या अंगात ताप भिनलाय.

औषधांनी मी बरी झाले. दिवाळीपर्यंत माझं डोकं पुन्हा माझं झालं होतं. डॉक्टर हेरवाडकर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, माझ्यादेखत दादांना म्हणाले, "आता घरी नेलं तरी चालेल. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

"लग्न होऊ दे," दादा म्हणाले. "मग बघू."

सोयऱ्यांना सांगितलं होतं, पद्मजा बेळगावला आत्याकडे गेलीय. दादांना बहीण नव्हती. पण सोयरे नवे होते, त्यांना काय ठाऊक.

अडचण एकच होती. अल्पवयीन मुलगी दवाखान्यात ठेवायची तर घरातली एखादी बाई रात्रंदिवस तिच्याजवळ असावी लागते. सुरुवातीला आई राहिली. पण लग्नघरातून नवऱ्या मुलाची आईच गायब म्हटल्यावर बायका विचारायला लागल्या. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि त्यांच्या गल्ल्यांत सोबतीला बसणाऱ्या बायकांनाही नाही. त्या पेशंटला अंघोळ घालतात, उशाशी बसतात, कुणी विचारलं तर मावशी होतात, काकू होतात. आईनं चहाच्या टपरीजवळून त्यातली एक आणली. साठीच्या आसपासची, कपाळावर जुनं गोंदण, हातात कापडी पिशवी.

"ही तुझी आत्या," आई म्हणाली. "कुणी विचारलं तर हेच सांगायचं."

"आई, मला आत्या नाही."

"आता आहे."

आई गेली. निलव्वानं खोली बघितली. तिनं पंखा लावला, बंद केला, परत लावला. न्हाणीघरातल्या नळाचं गरम पाणी बोटावर घेऊन बघितलं. मग माझ्या पलंगाशेजारच्या लोखंडी खाटेवर बसली आणि तिनं गादी दोन्ही हातांनी दाबली.

"चांगलं हाय की," ती म्हणाली. "तुला काय झालंय?"

"काही नाही."

"मग लई चांगलं."

तिला दोन मुलगे होते. दोघांनी घर वाटून घेतलं आणि ती कुणाच्याच वाट्याला आली नाही. त्यानंतर ती दवाखान्यांच्या व्हरांड्यात झोपायची. आम्ही जैन, म्हणून हॉस्पिटलच्या डब्यात आमच्यासाठी कांदा-लसूण नसायचा आणि जेवण दिवसाउजेडी यायचं. निलव्वा ते निमूट जेवायची आणि अंधार पडला की पिशवीतून कांदा काढायची. खिडकीच्या कठड्यावर ठेवून मुठीनं फोडायची आणि सकाळच्या भाकरीबरोबर कचाकचा खायची. वास बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराच्या फटीत टॉवेल कोंबायची.

"आम्हा मगदुमांच्या घरातली आत्या अशी कांदा खाते होय?" मी म्हणायची.

"आत्या काय खाती ती तुझ्या बाला तरी कुठं म्हाईत हाय," ती म्हणायची.

मला ती आवडायला लागली. लागणारच. आई आठवड्यातून एकदा फोन करून "गोळ्या घेतेस ना" एवढंच विचारायची. निलव्वा माझ्या केसांना तेल लावायची, मला उवा झाल्या असं उगाच ओरडून घाबरवायची, माझा हात धरून आवारात फिरायची. काही दिवसांनी मी कुणी न विचारताही तिला आत्या म्हणायला लागले होते.

आमच्या खोलीबाहेर भिंतीवर एक मोठा फलक होता. पेशंटचे हक्क. कायद्यानं तो लावावाच लागतो. लोक त्याच्याखाली चपला काढायचे. मला वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो माझा पाठ झाला होता, आणि निलव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला तो मोठ्यानं वाचून दाखवायची. मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं. मुलीजवळ बाईमाणूस असावंच. पेशंटला फुकट वकील मागता येतो.

"ते मधलं परत वाच," ती एकदा म्हणाली.

मी वाचलं.

"म्हंजी मी उठून गेलो तर?"

आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. मी तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस फलक वाचून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तर मला ठेवता येणार नाही," मी म्हणाले. "आई येऊ शकत नाही. दुसरी बाई मिळेपर्यंत डॉक्टर थांबणार नाहीत, मंडळाला भितात ते. आत्या, तू गेलीस तर मला घरी सोडतील!"

"मग जातो की उद्या," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही साड्या धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या, पिशवी झटकून आतून पुसली. संध्याकाळी साड्या घडी करून परत कपाटात ठेवल्या.

"दमट हायत अजून," ती म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा धरला. मग अमावास्या आली. मला वाटलं, म्हातारं माणूस, थंडीत कुठं जाईल. मी फलकावरचा दुसरा हक्क वापरला आणि वकील मागितला.

कोरे वकीलबाई आल्या. विधी सेवेतून नेमलेल्या, तरुण, स्कूटरवरून आलेल्या, हेल्मेटनं केस चपट झालेल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मंडळाकडे अर्ज केला. जाताना विचारलं, "तुझ्या आत्याचं काय म्हणणं आहे? रात्रंदिवस जवळ असतात त्या. त्यांच्या बोलण्याला वजन राहील."

"आत्या माझ्या बाजूनं आहे," मी म्हणाले.

ती भाड्याची आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. निलव्वानंच मला शपथ घातली होती. "सांगितलंस तर मला आत्ताच्या आत्ता हाकलतील. मग तुझ्या बाजूनं कोन बोलंल?" मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

मंडळ बसलं ते बाहेरच्या मोठ्या खोलीत. टेबलावर हिरवं कापड घातलं होतं. मधे न्यायाधीश, पांढऱ्या मिशांचे, मऊ आवाजाचे. दादा कडक इस्त्रीच्या शर्टात कोपऱ्यातल्या खुर्चीवर. त्यांनी डॉक्टरांसाठी बेदाण्याचा डबा आणला होता तो त्यांच्या पायाशी होता.

न्यायाधीशांनी मला बसवलं. नाव विचारलं, विषय विचारले. मी सांगितलं. जीवशास्त्रात काय आवडतं विचारलं, तर मी हृदयाचं सांगितलं, चार कप्प्यांचं. ते हसले. "माझी नात तुझ्याएवढीच आहे," ते म्हणाले. "तिला दोनच माहीत असतील." खोलीतलं वातावरण सैल झालं. कोरे वकीलबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. मी जिंकत होते.

दादा म्हणाले, मुलीचं भलं आम्हाला कळतं, घाई नको. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते फारसं रुचलं नाही हे दिसत होतं.

"आत्याबाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही सतत हिच्याजवळ असता."

निलव्वा उठली. पदर डोक्यावर घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली. सुरू कर.

"पोरगी झोपत न्हाई, साहेब," ती म्हणाली.

मला वाटलं, घाबरून चुकली.

"जेवत न्हाई. अंघोळ मी घालतो. एकटीच बोलत बसती. औषध गादीखाली सारती. घरी जायाचं म्हटलं की म्हणती, मी जीव देतो."

एकेक वाक्य मी शिकवलेलं. त्याच क्रमानं, फक्त उलटं. 'साहेब'सुद्धा मी शिकवला तसा, नीट. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरं पाणी, ते पदरानं पुसत ती म्हणाली, "हिला अजून घरी नेऊ नका. माझ्या पोटचं समजून सांगतो."

दादांनी मान वर केली. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी तिला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. हे सगळं तिचं तिचं होतं.

"ती खोटं बोलतेय!" मी उभी राहिले. "ती माझी आत्या नाही!"

"मग कोण आहेत त्या?" न्यायाधीशांनी अगदी प्रेमानं विचारलं.

"भाड्यानं आणलेली बाई आहे. टपरीवरून आणलीय आईनं."

कोरे वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. न्यायाधीश दादांकडे वळले. "मगदूमसाहेब, या आपल्या भगिनी?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं, ते खरं बोलतील. बाप आहेत शेवटी.

"हो," ते म्हणाले. "थोरली. आमची आई लवकर गेली. हिनंच मला लहानाचं मोठं केलं."

हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

"ती कांदा खाते!" मी ओरडले. "आम्ही जैन आहोत! दादांची बहीण कांदा खाईल का? अंधार पडल्यावर खाते, रोज, कठड्यावर फोडून! मी टॉवेल लावते दाराला!"

"बरं, बरं," न्यायाधीश म्हणाले. "बस बाळ."

मी बसले नाही. मी खोलीत पळत गेले, तिच्या पिशवीतून कांदा काढला आणि येऊन न्यायाधीशांच्या समोर हिरव्या कापडावर ठेवला. "हा बघा."

त्यांनी कांद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दोन बोटांनी तो हळूच बाजूला सरकवला, कागदांना डाग पडू नये म्हणून.

"असं होतं," डॉक्टर हेरवाडकर हलक्या आवाजात म्हणाले. "आपली माणसं बदललीत, त्यांच्या जागी दुसरीच कुणी आणून बसवलीत असं वाटतं. हिच्यात हे नवीन आहे. सुधारणा दिसत होती, पण आत काहीतरी राहिलंय."

समाजसेविकेनं मला पाणी दिलं. कोरे वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. मला त्यांना सगळं सांगायचं होतं, शपथ, साड्या, फलक, पण आता मी जे बोलेन ते आजारात जमा होणार होतं. ते मला त्याच क्षणी कळलं आणि मी गप्प बसले. गप्प बसले हेही त्यांनी बघितलं.

मला ठेवायचं ठरलं. त्यांनी ते वाईट वाटून ठरवलं. न्यायाधीशांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

खोलीत निलव्वा भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसली होती.

"का?" मी विचारलं.

"हितनं गेलो तर मी कुठं जाऊ?"

"मी घरी नेलं असतं तुला."

"तू नेलं असतंस." ती वळली. "तुझ्या आयीनं ठेवलं असतं?"

तिनं फणी उचलली.

"ये. वेणी सुटली बघ सगळी."

मी तिच्या अंगावर धावून गेले असते तर आजारात आणखी भर पडली असती. मी तिच्यापुढं बसले. तिनं माझी वेणी घातली, नेहमीसारखी घट्ट. मला तिचा असा संताप आला होता की दात शिवशिवत होते, आणि तिची बोटं केसांत फिरत होती तेव्हा बरंही वाटत होतं. हे दोन्ही मी कधी तिला माफ केलं नाही.

औषध वाढलं. हात थरथरायला लागले. लाळ गळायची. बारावीचा पहिला पेपर होता त्या दिवशी मी चमचा धरायची खटपट करत होते. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि खाटेकडे बोट दाखवून विचारायचे, "ही कोण?"

"निलव्वा."

"ठीक आहे," ते म्हणायचे आणि नर्सला काहीतरी सांगायचे. मग पाय आणखी जड व्हायचे.

"ही कोण?"

"निलव्वा."

निलव्वा त्या वेळी खिडकीबाहेर बघायची. एकदा ते गेल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हण की बाई. म्हटल्यानं काय झडतंय का? तुला किती तरास द्यायलेत बघ."

मी आणखी काही दिवस टिकले. मग एका सकाळी जीभ इतकी जड झाली होती की 'निलव्वा' हा शब्द तोंडातून निघेना. तो निघाला असता तरी मी म्हटला नसता.

"ही कोण?"

"माझी आत्या."

डॉक्टर खूश झाले. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "शाब्बास! सख्खी?"

"सख्खी."

"व्हय," निलव्वा रडत म्हणाली. "मीच. मीच तिची आत्या."

त्या दिवसापासून औषध उतरलं. तोवर अभिनंदनचं लग्न पार पडलं होतं. मंडळाला कळवलं गेलं की मुलीत समाधानकारक सुधारणा आहे, नातेवाईकांना ओळखते. दादा आणि आई गाडी घेऊन आले. निलव्वा कापडी पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. आता मुलगीच नाही म्हटल्यावर खाट नाही, पंखा नाही. आईनं तिच्या हातात काहीतरी दिलं आणि काच वर केली. निलव्वानं काचेवर हात ठेवला.

"आत्याला इसरू नगो गं," ती म्हणाली.

गाडी निघाली.

मी पुढच्या वर्षी बारावी झाले. मग शिकत राहिले, कोल्हापुरात नोकरी धरली, गोळ्या आजही घेते. दादांशी बोलते, सणावाराला. त्यांना बहीण कशी होती हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी संध्याकाळी ऑफिसातून परतले आणि फोन वाजला. मिरजेतल्या कुठल्याशा दवाखान्यातून एक मुलगी बोलत होती. आवाजावरून नवीन असावी, घाबरत बोलत होती.

"पद्मजा मगदूम मॅडम का? तुमचा नंबर शोधून काढला बघा. इथं एक म्हाताऱ्या आज्जी आल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. नातेवाईक कुणी नाही म्हणतात. फक्त तुमचं नाव घेतायत. भाची आहे म्हणतात."

मी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली.

"सोबतीला बाईमाणूस लागतं हो मॅडम," ती मुलगी म्हणाली. "नाहीतर आम्हाला ठेवून घेता येत नाही. तुम्ही येऊ शकाल का? तुमच्या आत्या आहेत ना त्या?"

मागून कुणीतरी कण्हत होतं. आवाज ओळखीचा होता की नाही हे मी ऐकून घेतलं. होता.

"मला आत्या नाही," मी म्हणाले.

"अय्या, सॉरी मॅडम," ती लगेच म्हणाली. "म्हातारी माणसं, काहीही बोलतात. डोक्यावर थोडा परिणाम झाला असेल."

"असेल," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला. एक प्रश्नसुद्धा उलटून विचारला नाही. तेच वाक्य होतं, त्याच बाईबद्दलचं. या वेळी ओरडावं लागलं नाही.